मामाला भेट देण्यापूर्वी: दात्यांसाठी शास्त्रोक्त पूर्वतयारी

भारतात औदार्याचा अवलंब करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, देणाऱ्यावर बसणारा दानकर 1 ऑक्टोबर 1998 पासून रद्द झाला असला, तरी अल्पशा विश्रांतीनंतर, 2004 साली, कर घेणाऱ्याच्या दारात उभा राहिला. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या रकमांची बेरीज 50,000 रुपयांपलीकडे गेली, की केवळ वरचा भाग नव्हे तर सगळीच रक्कम घेणाऱ्याचे करपात्र उत्पन्न ठरते. सबब शुभकार्यात वर एक रुपया ठेवण्याची प्रथा या आकड्यापाशी कटाक्षाने टाळावी.

'नातेवाईक' कोण, हे मात्र मायेवरून ठरवू नये. प्राप्तिकर कायद्याच्या यादीत आईवडिलांची भावंडे येतात, म्हणून मामाने भाच्याला कितीही दिले तरी भाच्याला कर लागत नाही. परंतु यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असल्याने आणि मामाच्या यादीत बहिणीचा मुलगा नसल्याने, भाच्याने कृतज्ञतेपोटी मामाला लाखभर रुपये दिल्यास मामाला ते उत्पन्नात दाखवावे लागतात. साडू (पत्नीच्या बहिणीचा पती) कायद्याला जवळचा वाटतो, सख्ख्यासारखा वाढलेला चुलतभाऊ परका. ही वंशावळ कोणत्या कुलवृत्तांतावरून घेतली असावी, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होय.

लग्नात वधूवरांना मिळालेला अहेर कोणाकडूनही आला तरी करमुक्त असतो, मुंज आणि वास्तुशांतीला ही सवलत नाही. पत्नीला किंवा सुनेला दिलेली रक्कम त्यांच्या हाती करमुक्त असली, तरी तिच्यावरील व्याज दात्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. जावयाला दिलेल्या रकमेबाबत अशी तरतूद नसल्याने दशमग्रहाचे माहात्म्य येथेही अबाधित राहते.

भाच्याच्या मूळ अडचणीकडे वळल्यास, तिच्यावर एक वैध उपाय आढळतो. दात्याने आपला मृत्यू जवळ आला आहे अशा समजुतीने दिलेली भेट, म्हणजे आसन्नमरण भेट, घेणाऱ्याच्या हाती करमुक्त असते. त्यासाठी भाच्याला खरोखरच गंभीर आजारी पडावे लागेल, आणि 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार तो त्या आजारातून बरा झाल्यास भेट निष्प्रभ होत असल्याने, मामाने त्याच्या प्रकृतीची चौकशी करताना चेहऱ्यावर कोणता भाव ठेवावा, याविषयी दोन्ही कायदे मौन बाळगतात.