शिक्का आधी, मोर्तब कधी?

काचीगुडा आणि सुलतानबाजार परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले जुने रहिवासी आणि नोकरीनिमित्त गच्चीबावलीकडे स्थिरावलेले नवे रहिवासी, असे हैदराबादच्या मराठी समाजाचे दोन वर्ग सर्वपरिचित असले, तरी दोहोंत सारखाच आढळणारा एक तिसरा प्रकार अभ्यासकांच्या नजरेतून निसटला आहे. विद्येची इच्छा धरणारा तो विद्यार्थी, या न्यायाने त्यास ‘चिन्हार्थी’ म्हणता येईल. ज्यास तो ‘पर्सनल लोगो’ म्हणतो, ते वैयक्तिक बोधचिन्ह म्हणजे आपल्या नावातील अक्षरे किंवा एखादा आकार योजून केलेली अशी खूण की, जी पाहताच त्या व्यक्तीची कलाशैली ओळखू यावी. ओळखू येण्यासाठी शैली आधी अस्तित्वात असावी लागते, ही या व्याख्येतील गर्भित अट मात्र चिन्हार्थ्याने कधीच मनावर घेतलेली नसते.

चिन्हार्थी आठवड्याचे पाच दिवस संगणकापुढे बसतो आणि उरलेले दोन दिवस जलरंगकार असतो. त्याची पूर्ण झालेली चित्रे तीन असून त्यांपैकी दोन गोवळकोंड्याची आहेत व तिसरे पावसात भिजल्याने कशाचे आहे हे निश्चित सांगता येत नाही. तिन्ही चित्रे चोरीस जाण्याची त्यास इतकी धास्ती असते की, ती मित्रांना पाठवताना तो त्यांवर आपले चिन्ह आडवे आणि एवढे मोठे उमटवतो की, चोराला काय, मित्रांनाही गोवळकोंडा दिसत नाही.

त्याच्या चिन्हसाधनेच्या तीन अवस्था मानता येतात. पहिली अक्षरावस्था. हैदराबादेतील पाट्या तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीत असतात, तेव्हा आपले आद्याक्षरही बहुभाषी असावे, या विचाराने तो देवनागरीच्या शिरोरेषेवर तलकट्टु, म्हणजे तेलुगू अक्षराच्या माथ्यावरची बरोबरच्या खुणेसारखी रेघ, बसवतो. आणि उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जात असल्यामुळे दोन्ही टोकांनी निघालेले त्याचे नाव मध्यभागी एकमेकांवर आदळते. दुसरी वस्त्ववस्था. हीत 1591 साली बांधलेल्या चारमिनारचे चार मिनार हे चार कुंचले होतात आणि त्यांमागे चंद्र म्हणून उस्मानिया बिस्किट उगवते. बिस्किटाबद्दल कोणी शंका काढलीच, तर तो निजामांच्या आसफजाही ध्वजावरील कुलच्याचा, म्हणजे गोल रोटीचा, दाखला देतो. एका सूफी संताने दिलेल्या कुलच्यांपैकी सात पहिल्या निजामाने खाल्ले, म्हणून सात पिढ्यांचे राज्य लाभले आणि कुलचा पिवळ्या निशाणावर आला, अशी ती आख्यायिका आहे. तिच्यातही कुलचे आधी पोटात गेले आणि मग निशाणावर आले, हा क्रम त्याच्या नजरेतून सुटतो.

तिसरी संन्यासावस्था. ‘कमीत कमी रेषांत सर्व काही’ हे तत्त्व कळल्यावर तो मिनार पाडतो, बिस्किट काढतो आणि अखेरीस एका ठिपक्याशी येऊन थांबतो. हा ठिपका मराठी वाचकास अनुस्वार वाटतो, उर्दू वाचकास नुक्ता आणि किंचित पोकळ छापला गेल्यास तेलुगू वाचकास सुन्ना, म्हणजे त्या लिपीतील वर्तुळाकार अनुस्वार. आणि या तिन्ही खुणांना टेकण्यासाठी शेजारी एखादे अक्षर लागते, याबाबत तिन्ही भाषांचे एकमत आहे. हा ठिपका घेऊन तो लग्नपत्रिकांच्या छपाईसाठी प्रसिद्ध असलेल्या छत्ता बाजारात व्हिजिटिंग कार्ड छापायला जातो, तेव्हा छापखानेवाला अदबीने एवढेच विचारतो, “साब, नाम तो हो गया, काम के आगे क्या लिखना?”

या प्रश्नाचे मर्म मराठी भाषेला पूर्वीपासूनच ठाऊक आहे. शिवकालीन पत्रात माथ्यावर राजमुद्रेचा शिक्का असे आणि मजकूर संपल्यावर, पुढे कोणी भर घालू नये म्हणून, मोर्तब म्हणजे समाप्तिदर्शक छोटी मुद्रा उठवली जाई. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्या जोडीतून आला, आणि जोडीच्या मधोमध मजकूर गृहीत होता. युरोपातही आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराचे, ‘ए’च्या दोन पायांत ‘डी’ बसवलेले चिन्ह इटलीत चोरले गेले, तेव्हा वासारी या चरित्रकाराच्या सांगण्यानुसार व्हेनिसच्या शासनाने चिन्ह वापरण्यास मनाई केली. पण ते चोरण्याजोगे ठरले, ते ज्यांवर उमटत असे त्या चित्रांमुळे.

चिन्हार्थ्याचे चिन्ह अद्याप कोणी चोरलेले नाही. घरातून “अहो, चित्र कधी काढणार?” अशी विचारणा झाली की, चिन्हाचे काम नुकतेच ‘परसों’ संपल्याचे तो सांगतो, आणि हैदराबादी बोलीत परवापासून तीन वर्षांपूर्वीपर्यंतचा कोणताही दिवस ‘परसों’ असू शकतो. तूर्त त्याच्या कोऱ्या कागदावर माथ्याचा शिक्का बसला आहे आणि तळाशी मोर्तबाची जागा राखून ठेवली आहे. मधला मजकूर येत्या रविवारी, पाऊस नसल्यास, सुरू व्हायचा आहे.