एक कोटीवा टीएमसी

अप्पांच्या बंगल्यामागे एक तळं आहे. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, अडीच फूट खोल. ‘शंभर घनफूट,’ अप्पा सांगतात, ‘म्हणजे एका टीएमसीचा एक कोटीवा भाग.’ पाटबंधारे खात्यात जन्म गेलेल्या माणसाला ‘अठ्ठावीसशे लिटर’ म्हणणं कमीपणाचं वाटतं. खडकवासल्याचा साठा पेपरात येतो, अप्पांचा मागच्या दारावरच्या फळ्यावर. ‘पातळी: दोन इंच कमी. विसर्ग: निरंक.’

तळं नवं होतं तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात पाणी मटारच्या उसळीसारखं हिरवं झालं. काकू म्हणाल्या, उपसून घासून काढा. शेजारी म्हणाले, ब्लीचिंग पावडर टाका. अप्पांनी दोन्ही सूचना टिपून घेतल्या आणि काहीही केलं नाही. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो. भिंती घासल्या की ते गेले, मग पुन्हा पहिल्यापासून भरती! पुढे कमळाची पानं पसरली, पाण्यावरचं ऊन अडलं, शेवाळ ओसरलं आणि तळ दिसू लागला. ज्या गुणापायी अप्पांनी नोकरीभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तोच इथे शास्त्रशुद्ध ठरला. तळं राखणं म्हणजे बारा आणे हात आवरणं, आणि फाइल थांबवण्यात अप्पांचा हात धरणारा खात्यात कोणी नव्हता.

उरलेल्या चार आण्यांचं मात्र वेळापत्रक आहे. उन्हाळ्यात लोक कारंजं संध्याकाळी पाहुण्यांसाठी लावतात. अप्पांचं ‘आवर्तन’ रात्री दहाला सुटतं. कोमट पाण्यात प्राणवायू मुळात कमी मावतो, त्यात अंधार पडला की वनस्पतीही तो तयार करायचं सोडून नुसता खात बसतात. म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंडं वासतात. पाहुण्यांना हे सगळं ऐकावं लागतं, कारंजं दिसत नाही.

पावसाळ्यात अप्पा छत्री घेऊन सांडव्यापाशी उभे. सांडवा म्हणजे दीड इंची पाइप, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा. ‘12 जुलै 1961,’ ते गंभीरपणे म्हणतात, ‘पानशेत असंच गाफील राहिल्यावर...’ ‘दोन गप्पी वाहून गेले म्हणून पुणं बुडत नाही,’ आतून काकू.

गणपतीत शेजारी विचारायला आले, दीड दिवसाचा आहे, शाडूचा आहे, तुमच्या तळ्यात विसर्जन करू? अप्पांनी लेखी अर्ज मागितला, तो वाचला आणि ‘गाळामुळे साठवण क्षमता घटते’ असा शेरा मारून नामंजूर केला. वर स्वतःची बादली दिली, आणि मूर्ती विरघळल्यावर ते पाणी कुंड्यांना कसं घालायचं तेही सांगितलं.

थंडीत मासे मंदावतात, त्यांची भूक मरते. पाच मिनिटांत फस्त होईल तेवढंच खाणं अप्पा चिमटीनं मोजून टाकतात, कारण उरलेलं कुजतं. तरी सगळे मासे स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच का गोळा होतात, हे कोडं त्यांना सुटलेलं नाही. खिडकीच्या कठड्यावर पोळीचे बारीक कण असतात. पानगळीत तळ्यावर जाळी लागते आणि वर्ष संपतं.

परवा पालिकेचा माणूस डासांच्या अळ्या शोधत आला. तळ्यात बॅटरी मारून त्यानं बराच वेळ पाहिलं. एकही अळी नाही. गप्पी आपलं काम चोख करत होते. अप्पा कृतार्थ. मग त्यानं कोपऱ्यातल्या पिंपावर बॅटरी मारली. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून तळ्यात टाकायचं पाणी त्यात एक दिवस उघडं ठेवायचं असतं. अप्पांनी ते ‘निर्णयाधीन’ ठेवलं होतं, आठवडा उलटून गेला तरी. आत अळ्या अशा वळवळत होत्या की मोजायला गेलं तर नजर ठरेना.

नोटीस निघाली. अप्पांना मनापासून आनंद झाला; निवृत्तीनंतर आलेला हा पहिलाच सरकारी कागद. त्यांनी तिला आवक क्रमांक दिला, लाल शाईनं ‘तपासून सादर करावे’ लिहिलं आणि ती काकूंकडे पाठवली.

काकूंनी कागद न वाचताच पिंप गवतावर कलंडलं.

सदर कार्यवाही विनामंजुरी झाल्यामुळे अप्पांनी खुलासा मागवला आहे. तो येईपर्यंत नवं पिंप भरायचं नाही, असा आदेश आहे. डासांच्या दृष्टीनं पाहता, अप्पांच्या कारकिर्दीतला हा सर्वात परिणामकारक आदेश म्हणायचा.