पितळ कुठवर पोचलं?

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेला लागली की पट्टीवाल्यांचा मुलूख सुरू होतो. शर्टाच्या खिशात पेन नसेल एक वेळ, पण सहा इंची स्टीलची पट्टी असते आणि निवृत्तीनंतरही ती तिथून हलत नाही. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, एकेकाळचा विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना आणि पुढे पसरलेली एमआयडीसी. इतक्या ठिकाणी इतकी वर्षं लोखंड कापलं, घासलं आणि जोडलं गेलंय की इथल्या प्रत्येक सोसायटीत एखादा तरी रिटायर्ड टूलरूमवाला निघतोच. नोकरी अंबरनाथला, फ्लॅट बदलापूरला, हा त्याचा शिरस्ता. यातलाच एक खास वाण म्हणजे जोडवाले काका.

जोडवाल्या काकांचा जगातल्या कुठल्याही जोडावर विश्वास नसतो. रेल्वेचा पूल चढताना ते कठड्याला टिचकी मारून कान देतात. मागून लोंढा येत असतो, त्याला थांबावं लागतं. लग्नात एका हातात अक्षता आणि दुसरा हात मांडवाच्या खांबावर. पाहुण्यांना अंबरनाथचं शिवमंदिर दाखवायला नेतात. शके ९८२चं, म्हणजे इसवी सन १०६०चं देऊळ. पाहुणे शिल्पं बघून थक्क होतात, काका मागच्या भिंतीशी दोन दगडांच्या सांध्यात नख घालून उभे. "जात नाही," एवढंच म्हणतात. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती आजवर कुणी ऐकलेली नाही.

अशा माणसाने निवृत्तीनंतर काय करावं? भजनी मंडळ होतं, सोसायटीची कमिटी होती. काकांनी सायकलची फ्रेम करायला घेतली. आयती आणून रंगवायची नाही, नळीपासून करायची. मूळ कारण वडिलांची हिंद सायकल, वरळीच्या कारखान्यात झालेली. "कंपनी डबघाईला आली, १९८० साली कायदा करून सरकारनं घेतली, पुढे तीही बंद पडली," काका सांगतात. "जोड सुटला का? एकही नाही." कंपनी गेली आणि जोड राहिला यात त्यांना वाईट काहीच वाटत नाही. मालकानं माल असाच बनवावा, असं त्यांचं मत.

सायकलच्या फ्रेममध्ये चूक लपवायला जागा नसते, हे त्यांचं पहिलं सूत्र. नळीची भिंत जेमतेम मिलिमीटरभर. वेल्डिंग करायचं तर नळीच वितळवावी लागते. पोलाद दीड हजार अंशांच्या घरात वितळतं आणि हात जरा रेंगाळला की पातळ नळीला भोक. ब्रेझिंगमध्ये नळी वितळतच नाही. ती नुसती लाल होते, वितळतं ते पितळ, साधारण नऊशे अंशांना. नळ्यांची तोंडं ज्या पोलादी टोपणात बसवतात त्याला लग म्हणतात. लग आणि नळी यांच्या मधल्या फटीत हे पातळ पितळ आपलं आपण ओढलं जातं, समईच्या वातीत तेल चढतं तसं. फट हवी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. रुंद झाली तर ओढ संपली, घट्ट झाली तर पितळ जाणार कुठून? इथे काका थांबतात आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतात. समोरच्याने मान डोलावली तर ठीक, नाहीतर पुन्हा हिंद सायकलपासून सुरुवात.

गॅस पेटवण्याच्या आधीचं कानसकाम हा एक स्वतंत्र संसार आहे. एका नळीचं तोंड दुसरीच्या गोलाईवर बेमालूम बसायला हवं. आधी हॅकसॉ, मग अर्धगोल कानस. घासायचं, लावायचं, उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की परत कानस. या उजेडापायी नळी दरवेळी थोडी आखूड होते. बावीस इंची म्हणून धरलेली पहिली फ्रेम घासता घासता अठरा इंची झाली, असं काकू सांगतात. "ती नातवासाठीच होती," काका म्हणतात. तेव्हा मुलाचं लग्नही ठरलेलं नव्हतं.

हे सगळं आधी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चालायचं. ऑक्सिजनचं सिलिंडर दिसल्यावर सेक्रेटरींनी नोटीस लावली. काकांनी नोटीस वाचली, फलकाच्या चौकटीचा कोपरा दाबून पाहिला, "हा पण नुसता चिकटवलाय" म्हणाले आणि आनंदनगर एमआयडीसीतल्या जुन्या सहकाऱ्याच्या गाळ्यात बिऱ्हाड हलवलं.

तिथे त्यांना बघावं. काळा चष्मा, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पितळेची सळई. जोडाला आधीच टाकणखाराचा लेप दिलेला, म्हणजे तापल्या पोलादाला हवेने पापुद्रा धरू नये. ज्योत एका जागी ठेवायची नाही, फिरवत राहायचं. सळईला ज्योत दाखवायची नाही, नळीला दाखवायची. पितळ उष्णतेच्या मागे जातं. लगच्या एका कडेला सळई टेकवली आणि दुसऱ्या कडेला पिवळी रेघ उमटली की काकांच्या कपाळावरची एक आठी जाते. पांढरा धूर दिसला की दोन येतात. धूर म्हणजे पितळेतलं जस्त उडालं, जोड गेला, आणि तो धूर छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप. वेल्डर लोक त्यावर गूळ खातात. काका गूळ खातात आणि ज्याने पंखा बंद केला त्याला शिव्या देतात.

एकदा भाच्याला मदतीला घेतलं होतं. चिमट्याच्या नळीला हवा बाहेर पडायचं बारीक भोक ठेवायचं तो विसरला. दोन्हीकडून बंद नळी तापली, आतली हवा फुगली आणि पितळ आत शिरायच्या ऐवजी फुर्रकन बाहेर थुंकलं. भाचा आता बँकेत आहे. सुखात आहे.

पण खरी गंमत जोड झाल्यावर. टाकणखाराची काच होऊन बसते, ती सुटायला जोड रात्रभर गरम पाण्यात ठेवावा लागतो, आणि त्यासाठी मापात बसणारं घरातलं एकमेव भांडं म्हणजे मोदकपात्र. सकाळी घासूनपुसून काढलं की लगच्या कडेने पितळेची सोनेरी रेघ दिसते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. कुणीही शाबास म्हणेल. काका म्हणतात, "बाहेरून सगळेच चांगले दिसतात. आत पितळ कुठवर पोचलं?"

हे कळायचा एकच खात्रीचा मार्ग आहे. जोड उभा चिरायचा. काका चिरतात. पितळ थेट आतल्या टोकापर्यंत पोचलेलं असतं, कुठे पोकळी नाही, कुठे कोरडा डाग नाही. उत्तम जोड. फक्त तो आता जोड उरलेला नसतो.

हॉलमधल्या शोकेसमध्ये मुलीच्या वक्तृत्वाच्या ढाली होत्या त्या माळ्यावर गेल्या, आणि तिथे आता चिरलेले जोड मांडलेत. खाली चिठ्ठ्या: "डावीकडे गार राहिला." "उत्तम." "उत्तम." "उत्तम, पण भाच्यासमोर." मुलीला बघायला आलेल्या मंडळींनी पोहे खाता खाता विचारलं, हे काय? काका दीड तास बोलले. स्थळाकडून होकार आला. मुलगा मेकॅनिकलचा होता. काकांनी त्याची चौकशी केली ती एवढीच, की वेल्डिंगचा की ब्रेझिंगचा.

नळ्या आणायला काकांना उल्हासनगरला जावं लागतं आणि तिथे त्यांचं रक्त आटतं. उल्हासनगरचं शास्त्रच वेगळं. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीला गावाचं नाव मिळालं, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी तिथे बाजारपेठ उभी केली. अशा गावाला जोड चिरून बघत बसणं परवडत नसतं. तिथले ठरलेले दुकानदार काकांवर मनापासून माया करतात.

"काका, एवढं कशाला जाळत बसता? फ्रेम इथं आणा. पोऱ्या चार टाके मारेल, ग्राइंडर फिरवेल, वर रंग. हत्ती बसवा!"

"आणि आत?"

"आत कोण बघतंय साईं?"

"मी."

"मग तुम्ही गिऱ्हाइक नाही, इन्स्पेक्टर झालात," असं म्हणून ते चहा मागवतात. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. माझं कपाट उल्हासनगरचं आहे, वीस वर्षं उभं आहे. काका घरी आले की मी त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसतो.

रविवारी पहाटे बारवी धरणाच्या रस्त्याला ठाण्या-डोंबिवलीचे सायकलवाले निघतात, चकचकीत हेल्मेटं आणि अंगासरशी कपडे घालून. मिसळीसाठी ते थांबले की काका त्यांच्या सायकलींजवळ उकिडवे बसलेले दिसतात. सरळ वेल्डिंगची फ्रेम असेल तर काका वेल्डचे मणी मोजतात आणि वेल्डरचं वय सांगतात. एकदा एकाची कार्बन फायबरची निघाली. काकांनी वरची दांडी पाहिली, खालची पाहिली, सीटखाली बोट फिरवलं.

"जोड कुठाय?"

"काका, एकसंध वाटते ना? कार्बनचे थर साच्यात घालून करतात."

"दिसत नाही म्हणजे नसतो असं नाही. कितीला?"

त्याने आकडा सांगितला. काकांनी खिशातली पट्टी काढली, थोडा वेळ नुसती हातात धरली आणि अगदी हळुवारपणे विचारलं, "अशी एखादी मोडकी असेल का हो तुमच्याकडे? चिरून बघायला?" तो तरुण मिसळ अर्धी टाकून निघाला.

जोड चिरला की उरत नाही, यावर गेल्या दिवाळीत काकूंनीच तोडगा काढला. "दोन करा," त्या म्हणाल्या. "एक चालवायला, एक कापायला." काकांना हे पटलं. नळ्या एकाच लॉटच्या, लग एकाच पेटीतले, सळई तीच, हात तोच. दोन्ही फ्रेम पावसाळ्याआधी तयार झाल्या. बाहेरून दोघींत केसाचा फरक नाही. आणि तिथेच घोडं अडलं. जी जास्त चांगली जमली ती चालवायला ठेवायची, हे उघड आहे. पण जास्त चांगली कुठली, हे चिरल्याशिवाय कसं कळणार? आणि कमअस्सल आहे ती चिरून कळणार काय? काका दोन्ही फ्रेम शेजारी शेजारी टांगून आळीपाळीने टिचकी मारत बसले. काकूंनी मोदकपात्र परत स्वयंपाकघरात नेऊन कुलूप लावलं.

परवा उल्हासनगरच्या दुकानात दिसले. त्या दोन फ्रेमचा काय लागला निकाल, म्हणून विचारलं.

"त्या दोन्ही चालवायच्या," काका म्हणाले. "तिसरी करतोय. कापायला."

दुकानदारांनी मान वरही केली नाही. तीन फ्रेमच्या नळ्या त्यांनी आधीच बांधून ठेवल्या होत्या.