सर्वपित्रीचं निमंत्रण

२६ मार्च २०२५. रात्रीची जेवणं आटोपली होती आणि मी फोनवर एक खुर्ची बघत बसलो होतो. घडीची, काळ्या कापडाची, शूटिंगच्या जागी दिग्दर्शक मंडळींना देतात तसली. पाठीवर नाव : ख्रिस हेम्सवर्थ. मागे संगीत चालू. खुर्चीत कुणी नाही. बराच वेळ कुणी नाही. मग कॅमेरा हळूच सरकला आणि दुसरी खुर्ची दिसली. तीही रिकामी.

आई मागून डोकावली. "कार्यालय कुठलं रे? वऱ्हाड अजून आलेलं दिसत नाही."

वऱ्हाड नव्हे, 'ॲव्हेंजर्स : डूम्सडे'. मार्व्हलनं आपल्या पुढच्या महाचित्रपटातली नटमंडळी जाहीर करायला ही युक्ती काढली होती. २७ नावं आणि साडेपाच तास. भागाकार केलात तर बारा मिनिटांना एक नाव पडतं. आमच्याकडे माइकवरून आहेर वाचणारे काका याहून झपाट्यानं उरकतात, आणि ते पाकिटातली रक्कमही सांगतात. आधीचा 'एंडगेम' अख्खा १८१ मिनिटांचा. तेवढ्यात अर्धं विश्व परत आलं, खलनायक थॅनॉसचा निकाल लागला, टोनी स्टार्कचे अंत्यसंस्कारसुद्धा झाले. इथे तेवढ्या वेळात जेमतेम पंधराव्या खुर्चीशी पोचलो.

हे सगळं जागून बघितलं कुणी? मी. पुढे जे काही वाईटसाईट बोलणार आहे, ते घरचा माणूस म्हणून बोलतोय असं समजा.

नावं पुढे सरकत गेली तसा एक विचित्र हिशेब लक्षात यायला लागला. यातले बरेच जण वारलेले आहेत. म्हणजे नट ठणठणीत आहेत, देव त्यांना उदंड आयुष्य देवो, पात्रं गेलेली. पॅट्रिक स्ट्युअर्टचा प्रोफेसर झेवियर तर तीनदा गेला. २००६ मध्ये 'द लास्ट स्टँड'मध्ये त्याच्या चिंधड्या उडाल्या, २०१७ मध्ये 'लोगन'मध्ये छातीत पंजे घुसले, २०२२ मध्ये डॉक्टर स्ट्रेंजच्या सिनेमात वांडानं मान मोडली. तरी खुर्ची हजर. जेम्स मार्सडनचा सायक्लॉप्सही 'लास्ट स्टँड'मध्येच आटोपला होता. टॉम हिडलस्टनचा लोकी आधी दोनदा मरणाची रंगीत तालीम करून २०१८ मध्ये एकदाचा मेला. तोही हजर. 'मल्टिव्हर्स' म्हणजे काय, समांतर विश्वांतून मेलेली पात्रं कशी परततात, हे आईला समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. तिनं एका वाक्यात निकाल लावला : "म्हणजे सर्वपित्री. ज्यांची तिथी आठवत नाही, त्या सगळ्यांना एकाच दिवशी पान."

म्हाताऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. २००० सालच्या पहिल्या 'एक्स-मेन'च्या शेवटी प्लॅस्टिकच्या तुरुंगात बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले स्ट्युअर्ट आणि याच यादीतले इयन मॅकेलन आठवा. दोन माणसं, एक पट, आवाज चढलेला नाही. त्या एका प्रसंगावर मी पुढची दहा शहरं कोसळताना सहन केली. त्या रात्री एक ८४ वर्षांचा होता, दुसरा ८५. त्यांना पट मिळणार असेल तर मी पहिल्या रांगेत. पण २७ जणांच्या पंगतीत पट मांडायला जागा कुठली? वाढपी फिरायचीच मारामार.

शेवटची खुर्ची रॉबर्ट डाउनी ज्युनियरची. तो मात्र जातीनं आला, आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं. साडेपाच तास आम्ही गप्पच होतो की! टोनी स्टार्क म्हणून २०१९ मध्ये आम्हाला ढसाढसा रडवून गेलेला हा गृहस्थ आता खलनायक डॉक्टर डूम होऊन येतोय. आधी बेत होता कँग नावाच्या खलनायकाचा. ते काम करणाऱ्या नटाला डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलं, स्टुडिओनं त्याला काढलं आणि जुन्या जावयाला बोलावणं धाडलं. गंमत अशी की, १९६२ पासून कॉमिकमधला डूम लोखंडी मुखवट्यात वावरतो. म्हणजे सिनेमाच्या बाजारातला सगळ्यात महागडा चेहरा आणायचा आणि त्यावर पत्रा ठोकायचा. किंवा पत्रा काढायचा, आणि मग तो डूम कसला? नट म्हणून डाउनी काहीही करू शकतो, यात वाद नाही. पण त्याला आणायचं कारण डूम नाही, टोनी आहे, हे शाळकरी पोरालाही कळतं.

माझं खरं दुखणं वेगळं आहे. या खुर्च्या मांडल्या तेव्हा 'थंडरबोल्ट्स' यायला पाच आठवडे होते आणि 'फँटास्टिक फोर' यायला चार महिने. त्या दोन सिनेमांतल्या दहा जणांच्या खुर्च्या मार्चमध्येच मांडून झाल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात मी थिएटरात बसलो, पडद्यावर एकेकाचा जीव टांगणीला लागतोय आणि मी निवांत समोसा खातोय. फ्लोरेन्स प्यू? खुर्ची आहे. डेव्हिड हार्बर? आहे, काळजी नसावी. ट्रेलरमध्ये मिरवलेल्या टास्कमास्टरला तेवढी खुर्ची नव्हती, आणि ती बिचारी सुरुवातीलाच गोळी खाऊन गेली. असा शेवट तर पेपर फोडणारेही आधी सांगत नाहीत. ते निदान पैसे घेतात.

आणि बायका किती? २७ मध्ये पाच. 'एंडगेम'मध्ये सगळ्या नायिका एका चौकटीत उभ्या करून टाळ्या घेतल्या होत्या, इथे ओटी भरायला लागतात तेवढ्याच सवाष्णी मोजून बसवल्या.

त्या रात्री माझी भाची शेजारी बसली होती. वय वर्षं बारा. ती वाट बघत होती कमला खानची. जर्सी सिटीतली ही पोरगी. 'मिस मार्व्हल' होण्याआधी तिची खोली ॲव्हेंजर्सच्या चित्रांनी भरलेली. साऱ्या विश्वात फॅनची खुर्ची कुणाला द्यायची तर हिला. इमान वेलानीनं ते काम इतकं मनापासून केलं की पडदा विसरायला होतं. २०२३ मध्ये 'द मार्व्हल्स'च्या अखेरीस ती नव्या पोरांची टोळी जमवायलाही निघाली होती. भाचीनं बाराव्या की तेराव्या खुर्चीपर्यंत तग धरला, "आता कमला" म्हणत उशी जवळ ओढली आणि झोपली. कमला आली नाही.

सिनेमा आधी १ मे २०२६ ला येणार होता, मग १८ डिसेंबरवर गेला. बुकिंग उघडलं की मी जाणार, प्रश्नच नाही. पुन्हा फोनवर खुर्च्यांची रांग दिसेल, या वेळी चौकोनी आणि हिरव्या. भाचीला विचारून ठेवलंय. ती म्हणाली, "कमला असेल तर मधली सीट. नसेल तर कडेची घे मामा, मला पॉपकॉर्नला उठता येईल."