साखऱ्यातले पट्टीचे पोहणारे

मे महिन्यात भाचा पुण्याहून साखऱ्याला आला, तो ब्रूनोला घेऊन. ब्रूनो म्हणजे लॅब्राडॉर. वजन पस्तीस किलो, अंगावर देवानेच घालून दिलेला स्वेटर.

"मामा, ह्याला रोज पोहायला लागतं. जवळ तळं कुठंय?"

मी गप्प. आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारतात ते प्यायला. पोहायला विचारायची रीत नाही.

पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. जीभ लोंबवून धापा टाकणं हाच त्याचा कूलर. त्यात ह्या जातीचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या गारठ्यात कोळ्यांची जाळी ओढायचे. आणि वंशज 42 अंशांत सेनगाव तालुक्यात!

आधी पाझर तलाव. तलाव नावाला जागला होता. होतं नव्हतं ते सगळं पाझरून गेलं होतं. मधोमध पोरांचं क्रिकेट चाललेलं. ब्रूनोने तेवढ्यात चेंडू पळवला आणि मॅच ड्रॉ झाली.

मग गाडीतून कयाधू गाठली. पुलाखाली पाणी नव्हतंच, आम्ही उभे होतो तिथं तर वाळूही नव्हती. ब्रूनोने नदीकडं पाहिलं, मग भाच्याकडं. कुत्र्याच्या नजरेत एवढा अपमान मी प्रथमच पाहिला.

उरलं शेजाऱ्याचं शेततळं. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना 2016 ची. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, खाली प्लॅस्टिकचा कागद, वर निळंशार पाणी. ब्रूनो गाडीतच नाचायला लागला. शेजारी काठी घेऊन आडवा आला.

"कुत्रं पोहायला आणलाव व्हय? नखं बघा त्याची! कागद फाटला तर माझ्या हळदीला पाणी कुठून आणू? आन् आत गेलं तर चढायचं कसं? कागद निसरडा. मागच्या साली शेळी दोरानं वर काढली."

"पण काका, मागेल त्याला शेततळं ना?" भाचा.

"माणसानं मागायचं, बाबा. कुत्र्याचा अर्ज नाही चालत."

आता भाचा पूर्णेवरच्या येलदरी धरणाकडं निघाला. मी किल्ली काढून घेतली. धरणाच्या कडेच्या गाळात दोघं रुतले, तर ताईला कोणत्या तोंडाने सांगू?

घरी आलो तर आमचा गावठी मोत्या दिसेना. ब्रूनो मात्र नाक जमिनीला लावून थेट परसात गेला. मोरीचं पाणी केळीला जातं, तिथं वाटेत मोत्याने खड्डा उकरला होता आणि पोटापर्यंत चिखलात डोळे मिटून पडला होता. आम्ही गाडीभर डिझेल जाळून जे शोधत होतो, ते ह्याने चार पायांनी कधीच खोदून ठेवलं होतं. अर्ज न करता.

ब्रूनो उतरला. मोत्या गुरगुरला, मग जरा सरकला. लॅब्राडॉर जाऊन डोळ्यांदेखत म्हैस झाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मंडळींनी आतून आवाज दिला, "अहो, कुणीतरी आंघोळ करा! तळं आटायलंय!"