गच्चीवरचा पालक, टाकीतली चिलापी

कसबा पेठेतून 1886 सालची मंडई पायी गाठता येते. पालकाची जुडी तिथे हटकून मिळते. तरीही हौशी पुणेकर गच्चीवर पीव्हीसीचे पाइप चढवतो, कारण ‘ॲक्वापोनिक्स’. टाकीतली चिलापी अमोनिया सोडते, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, त्यावर पाइपातला पालक पोसतो.

माशाचा वासही न खपणाऱ्या घरात माशाच्या खतावरची पातळभाजी मात्र चालते. सोवळं असं लवचीक हवं!

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतं. ते आधी उडवावं लागतं. वीज गेली की पंप बंद, मासे धापा टाकतात. आणि तांबट आळी शेजारी असली, तरी मासे तांब्याच्या हंड्यात ठेवू नयेत: विरघळलेलं तांबं त्यांना विषच.