वाट अडलीय बांधावर, असाइनमेंट कुठंय?

नगरला एलएलबी करणाऱ्या मिरजगावच्या पोरांना असाइनमेंटचा विषय विचारा. ‘जनहित याचिका : एक अभ्यास’, नाहीतर ‘मूलभूत हक्क’. गेल्या वर्षीच्या पोरांचाही तोच. आदल्या रात्री मोबाइलवरून उतरवायचं, सकाळी स्पायरल मारायचं, झालं संशोधन!

इकडे गावात कायदा बांधावर उभा आहे. भावकीत बिनसलं, वाट नांगरली, कांद्याचा ट्रॅक्टर वावरातच अडकला, की माणूस अर्ज घेऊन कर्जत तहसीलला. अर्ज कोणत्या कलमाखाली, हे सांगणारं मात्र कोणी भेटत नाही. बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३. वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५, आणि तिथे सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. ‘बघू, सुगी झाल्यावर’ म्हणणाऱ्याची मुदत सुगीतच निघून जाते. घ्या की हा विषय!

पण त्याला आखणी लागते. विषय मिळाला त्याच दिवशी एक प्रश्न कागदावर उतरवा, उत्तर देता येईल असा. ‘शेतरस्ता कायदा’ हा प्रश्न नव्हे. ‘सहा महिने कोणत्या दिवसापासून मोजायचे?’ हा प्रश्न. मग गाइड बाजूला ठेवून मूळ कलम वाचा, दुरुस्त्यांसकट. त्यानंतर निवाडे. उच्च न्यायालयाचे संकेतस्थळावर मिळतात, सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर २०२३ पासून फुकट आहे. नुसतं शीर्षटिपण वाचून भागत नाही. वाट आधी होती का, अडवली कधी, ही हकिकत निकालाच्या पोटात असते. वही करा, परिच्छेद क्रमांकासकट.

चॅटजीपीटीने दिलेला निवाडा तर स्वतः उघडून पाहिल्याशिवाय लिहूच नका. न्यूयॉर्कच्या वकिलांनी असेच अस्तित्वात नसलेले निवाडे कोर्टात दिले आणि २०२३ मध्ये पाच हजार डॉलर दंड भरला. तुमचे मार्क जातील. उद्या तुमच्या पक्षकाराची वाट जाईल.

आणि तहसीलची फाइल? माहिती अधिकारात उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. असाइनमेंट महिन्याने द्यायची असेल तर अर्ज पहिल्याच दिवशी गेला पाहिजे. तोवर एखाद्या वादातला स्थळपाहणीचा पंचनामा, हातनकाशा कोणी दाखवत असेल तर बघून या. वाट किती फुटांची, कोणत्या गटातून, बैलगाडीची की पायवाट, यावर निकाल फिरतो. ते कुठल्याही गाइडात नाही.

प्राध्यापकांनाही सांगणं आहे. विषय सत्राच्या शेवटी वाटू नका. आणि तोंडी परीक्षेत एवढंच विचारा : ‘हा निवाडा कितव्या परिच्छेदात हे म्हणतो?’